निकोलाय बुखारिन : एका सोव्हिएत क्रांतिकारकाचा उदय आणि अस्त

प्रस्तावना :

१९१७च्या ऑक्टोबर क्रांतीने जगाच्या राजकीय व वैचारिक इतिहासाला नवे वळण दिले. या क्रांतीचा विचार करताना सामान्यतः लेनिन, ट्रॉट्स्की आणि स्टालिन ही तीन नावे डोळ्यांसमोर येतात. लेनिनच्या मृत्यूनंतरचा सत्तासंघर्ष हाही पुष्कळदा स्टालिन आणि ट्रॉट्स्की या दोघांमधील संघर्ष म्हणूनच सांगितला जातो. परंतु सोव्हिएत रशियाच्या भवितव्याच्या दृष्टीने अधिक निर्णायक ठरलेला संघर्ष त्यानंतरचा होय. १९२८-२९ या काळातील हा संघर्ष स्टालिन आणि निकोलाय इव्हानोविच बुखारिन यांच्यात झाला. औद्योगिकीकरणाचा वेग काय असावा, त्याचा भार कोणी सोसावा आणि कोट्यवधी शेतकऱ्यांशी समाजवादी राजसत्तेचे नाते कसे असावे, हे या संघर्षातील मूलभूत प्रश्न होते.

बुखारिन हा बोल्शेव्हिक पक्षाचा एक प्रमुख सिद्धान्तकार होता. 'प्रावदा' या पक्षाच्या मुखपत्राचे संपादन त्याने सुमारे अकरा वर्षे केले. एके काळी तो स्टालिनच्या बरोबरीने पक्षाचा नेता होता आणि अवघ्या दहा वर्षांनी 'देशद्रोही' व 'हेर' म्हणून त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याचा उदय कसा झाला, त्याने मांडलेल्या पर्यायाचे स्वरूप काय होते आणि त्याचा पराभव कोणत्या कारणांमुळे झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. बुखारिन हा स्टालिनशाहीचा बळी होता हे निर्विवाद आहे. परंतु ज्या व्यवस्थेने त्याचा बळी घेतला तिच्या उभारणीत त्याचाही हात होता, ही बाब नजरेआड केल्यास त्याच्या जीवनाचा अर्थ पूर्णपणे उलगडत नाही, अशी या लेखाची भूमिका आहे.

जडणघडण आणि परदेशातील वास्तव्य :

बुखारिनचा जन्म ९ ऑक्टोबर १८८८ रोजी मॉस्को येथे झाला. त्याचे आईवडील दोघेही शिक्षक होते. घरातील वातावरण सुशिक्षित मध्यमवर्गीयाचे होते आणि बालवयातच त्याला निसर्गशास्त्र, चित्रकला व साहित्य यांची गोडी लागली. पक्षी व फुलपाखरे यांविषयीचे त्याचे कुतूहल आयुष्यभर टिकून राहिले. १९०५च्या क्रांतीच्या वेळी तो शाळकरी विद्यार्थी होता. त्या क्रांतीच्या वातावरणातच तो राजकारणाकडे ओढला गेला आणि १९०६ साली बोल्शेव्हिक पक्षात दाखल झाला. पुढे मॉस्को विद्यापीठात तो अर्थशास्त्राचा विद्यार्थी होता. त्याचा बराचसा वेळ मात्र गुप्त संघटनकार्यातच जात असे. वयाच्या विसाव्या वर्षी तो पक्षाच्या मॉस्को समितीचा सभासद झाला. अटक, तुरुंगवास आणि उत्तरेकडील अर्खांगेल्स्क प्रांतातील हद्दपारी यांचा अनुभव घेऊन १९११ साली तो परदेशी निसटला.

त्यानंतरची सहा वर्षे बुखारिनच्या बौद्धिक जडणघडणीच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि अमेरिका अशा देशांत तो वावरला. व्हिएन्ना येथे त्याने ब्योम-बावेर्क या मार्क्सविरोधी अर्थशास्त्रज्ञाची व्याख्याने स्वतः उपस्थित राहून ऐकली आणि सीमान्त उपयोगितेच्या सिद्धान्तावर मार्क्सवादी दृष्टीने टीका करणारा ग्रंथ लिहिला. प्रतिपक्षाचा विचार त्याच्या मूळ स्वरूपात समजून घेण्याची ही वृत्ती तत्कालीन बोल्शेव्हिकांमध्ये विरळ होती. १९१५ साली त्याने जागतिक अर्थव्यवस्था व साम्राज्यवाद यांविषयीचा ग्रंथ सिद्ध केला. लेनिनने त्याला प्रस्तावना लिहिली. साम्राज्यवादावरील लेनिनचा सुप्रसिद्ध ग्रंथ यानंतरचा आहे. याच काळात त्याचे लेनिनशी राष्ट्रीय स्वयंनिर्णय आणि राज्यसंस्थेचे स्वरूप या विषयांवर तीव्र मतभेदही झाले. आधुनिक राज्य हे अर्थव्यवस्था, संघटना आणि विचार या सर्वांना गिळंकृत करणारे महाकाय यंत्र बनत चालले आहे, हे बुखारिनने १९१६ सालीच सूचित केले होते. त्याच्या पुढील आयुष्याच्या संदर्भात या इशाऱ्याला विशेष अर्थ प्राप्त होतो.

डावा क्रांतिकारक :

१९१७च्या फेब्रुवारी क्रांतीची वार्ता आली त्या वेळी बुखारिन न्यूयॉर्कमध्ये 'नोवी मीर' या रशियन नियतकालिकात काम करीत होता. जपानमार्गे तो मे महिन्यात मॉस्कोला पोहोचला. त्याच वर्षी पक्षाच्या सहाव्या अधिवेशनात त्याची मध्यवर्ती समितीवर निवड झाली आणि डिसेंबरमध्ये 'प्रावदा'च्या संपादकपदाची धुरा त्याच्याकडे आली. त्या वेळी त्याचे वय एकोणतीस वर्षांचे होते.

नंतरच्या काळात 'उजवा' म्हणून हिणवला गेलेला बुखारिन या सुरुवातीच्या वर्षांत पक्षातील डाव्या गटाचा नेता होता, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. मार्च १९१८मध्ये जर्मनीशी झालेल्या ब्रेस्ट-लिटोव्स्कच्या तहाला त्याने कडाडून विरोध केला. साम्राज्यवादी जर्मनीशी तह करण्यापेक्षा क्रांतिकारी युद्ध पुकारावे आणि युरोपातील कामगारांच्या उठावाची वाट मोकळी करावी, अशी त्याची भूमिका होती. या प्रश्नावर तो लेनिनच्या विरोधात उघडपणे उभा राहिला, वृत्तपत्रांतून लिहिले आणि पराभूत झाला. तथापि, या मतभेदामुळे त्याला ना तुरुंगात जावे लागले ना पक्षाबाहेर. काही महिन्यांतच तो पुन्हा संपादकाच्या खुर्चीवर होता. १९१८चा पक्ष आणि १९३८चा पक्ष यांतील अंतर मोजण्यासाठी ही एक घटना पुरेशी आहे.

यादवी युद्धाच्या काळात, १९१८ ते १९२१ या वर्षांत, 'युद्धकालीन साम्यवाद' या नावाने ओळखले जाणारे धोरण अमलात आले. उद्योगांचे राष्ट्रीयीकरण, खाजगी व्यापारावर बंदी आणि शेतकऱ्यांकडून धान्याची सक्तीची वसुली ही त्याची प्रमुख अंगे होत. बुखारिनने या धोरणाचे उत्साहाने समर्थन केले. प्रेओब्राझेन्स्कीच्या सहकार्याने लिहिलेले 'साम्यवादाची मुळाक्षरे' हे त्याचे पुस्तक अनेक भाषांत अनुवादित झाले. १९२० साली लिहिलेल्या संक्रमणकाळाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात त्याने राजसत्तेच्या सक्तीला नव्या समाजाच्या घडणीचे साधन मानले. बळाच्या वापराचे हे तात्त्विक समर्थन पुढे त्याच्याच विरोधकांच्या उपयोगी पडले.

नवे आर्थिक धोरण आणि बुखारिनचा विचार :

१९२१च्या प्रारंभी सोव्हिएत सत्ता मोठ्या संकटात सापडली. तांबोव प्रांतात शेतकऱ्यांचे बंड पेटले होते आणि मार्चमध्ये क्रोनश्टाट येथील नौसैनिकांनी उठाव केला. क्रांतीचा अभिमान मानल्या गेलेल्या नौसैनिकांनीच शस्त्र उचलावे, हा मोठा धक्का होता. त्याच महिन्यात भरलेल्या दहाव्या अधिवेशनात दोन महत्त्वाचे निर्णय झाले. पहिला निर्णय आर्थिक होता. सक्तीची धान्यवसुली बंद करून तिच्या जागी ठरावीक धान्यकर आला आणि उरलेले धान्य विकण्याची मुभा शेतकऱ्याला मिळाली. यातूनच नवे आर्थिक धोरण, म्हणजेच 'नेप', साकार झाले. दुसरा निर्णय राजकीय होता. पक्षांतर्गत गट स्थापन करण्यास बंदी घालण्यात आली. आर्थिक क्षेत्रात मोकळीक आणि राजकीय क्षेत्रात आवळलेली पकड असा हा दुहेरी निर्णय होता. बुखारिनने या दोन्ही निर्णयांना पाठिंबा दिला. पहिल्या निर्णयातून त्याचा सिद्धान्त उभा राहिला आणि दुसऱ्यातून त्याचा पराभव झाला, असे म्हणता येईल.

'नेप'च्या काळात बुखारिनच्या विचारात मोठे परिवर्तन घडून आले. रशिया हा प्रामुख्याने शेतकऱ्यांचा देश आहे. बहुसंख्य जनतेला शत्रू करून समाजवाद उभारता येणार नाही, या निष्कर्षाप्रत तो आला. त्याच्या मांडणीचे सार पुढीलप्रमाणे सांगता येईल. कामगार आणि शेतकरी यांची युती हा सोव्हिएत सत्तेचा पाया आहे. उद्योगांच्या मालाला शेतकरी हाच मोठा ग्राहक आहे. त्याचे उत्पन्न वाढल्यास उद्योगांची बाजारपेठ वाढेल आणि त्यातून औद्योगिकीकरणास लागणारे भांडवल निर्माण होईल. शेतकऱ्यांना समाजवादाकडे सक्तीने लोटता येणार नाही. खरेदी-विक्री व पतपुरवठा सहकारी संस्थांच्या द्वारे, स्वतःच्या हिताचा अनुभव घेत, ते हळूहळू त्या दिशेने येतील. ही वाटचाल संथ राहील याची त्याला जाणीव होती. लेनिनने आपल्या अखेरच्या लेखांत सहकाराविषयी जे विचार मांडले होते त्यांचाच हा विस्तार आहे, असा त्याचा दावा होता.

या मांडणीला प्रेओब्राझेन्स्कीने आव्हान दिले. मागासलेल्या देशातील समाजवादी उद्योगांना वसाहती नसतात. त्यामुळे शेतीक्षेत्रातील अधिशेष किंमतींच्या व करांच्या द्वारे उद्योगाकडे वळविणे अपरिहार्य आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याला तो 'आद्य समाजवादी संचय' असे म्हणे. या धोरणामुळे शेतकरी बाजारात धान्य आणणेच बंद करील, असे बुखारिनचे उत्तर होते. १९२३ सालच्या 'कात्री संकटा'चा दाखला त्याच्यासमोर होता. त्या वर्षी औद्योगिक मालाच्या किमती शेतमालाच्या किमतींच्या तुलनेत, युद्धपूर्व प्रमाण धरल्यास, सुमारे तिप्पट झाल्या होत्या आणि गावे शहरी मालाकडे पाठ फिरवू लागली होती. १७ एप्रिल १९२५ रोजी मॉस्कोतील एका भाषणात बुखारिनने सर्व थरांतील शेतकऱ्यांना उद्देशून श्रीमंत व्हा, संचय करा, शेती वाढवा असे आवाहन केले. आर्थिकदृष्ट्या त्यात नवे काही नव्हते. मात्र राजकीयदृष्ट्या ही घोषणा फार महागात पडली. 'कुलकांचा', म्हणजे श्रीमंत शेतकऱ्यांचा, कैवारी हा शिक्का त्याच्यावर कायमचा बसला.

सत्तेच्या शिखरावर :

२१ जानेवारी १९२४ रोजी लेनिनचे निधन झाले. डिसेंबर १९२२मध्ये सांगून लिहविलेल्या टिपणांत लेनिनने बुखारिनचे वर्णन पक्षाचा अत्यंत मौल्यवान सिद्धान्तकार आणि सर्व पक्षाचा लाडका असे केले होते. त्याच वेळी त्याचे विचार पूर्णतः मार्क्सवादी मानण्याविषयी शंका व्यक्त केली होती आणि द्वंद्ववाद त्याला नीट उमगलेला नाही असा शेराही मारला होता. या टिपणाची स्तुती बुखारिनच्या वाट्याला फार काळ आली नाही. शेरा मात्र त्याच्या विरोधात वारंवार वापरला गेला.

१९२४ साली बुखारिन पॉलिटब्युरोचा पूर्ण सभासद झाला. पुढील चार वर्षे तो स्टालिनचा निकटचा सहकारी होता. स्टालिनकडे संघटना होती आणि बुखारिनकडे सिद्धान्त होता. 'एका देशात समाजवाद' या स्टालिनच्या घोषणेला आर्थिक व तात्त्विक आशय बुखारिनने पुरविला. या दोघांनी मिळून प्रथम ट्रॉट्स्कीला आणि नंतर झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह यांना पराभूत केले. झिनोव्हिएव्हच्या पदच्युतीनंतर १९२६च्या अखेरीस कॉमिन्टर्नचे, म्हणजे तिसऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, नेतृत्व बुखारिनकडे आले. नोव्हेंबर १९२७मध्ये ट्रॉट्स्की व झिनोव्हिएव्ह यांची पक्षातून हकालपट्टी झाली.

या संघर्षात बुखारिनने वापरलेली साधने येथे नमूद करणे भाग आहे. विरोधकांना गटबाजीच्या आरोपाखाली गप्प करणे, त्यांना पक्षाच्या वृत्तपत्रांत जागा न देणे, त्यांच्याकडून जाहीर माफीची मागणी करणे या सर्व गोष्टींत तो सहभागी होता. डिसेंबर १९२३मध्ये ट्रॉट्स्कीविरुद्धच्या वादात त्याने एक जुनी हकीकत स्वतःच उघड केली. १९१८ साली ब्रेस्टच्या तहाच्या वेळी डाव्या सोशलिस्ट रेव्होल्यूशनरींनी लेनिनला थोड्या काळासाठी अटक करण्याची कल्पना डाव्या कम्युनिस्टांकडे मांडली होती आणि ती फेटाळण्यात आली, अशी ती हकीकत होती. गटबाजीचे धोके किती गंभीर असतात हे दाखविणे एवढाच त्याचा हेतू होता. पंधरा वर्षांनंतर याच हकीकतीतून 'लेनिनच्या खुनाचा कट' हा आरोप बुखारिनवर रचण्यात आला.

१९२८चा धान्यपेच आणि पराभव :

१९२७च्या अखेरीस सरकारी धान्यखरेदी अकस्मात घटली. जानेवारी १९२८पर्यंतची खरेदी आदल्या वर्षीपेक्षा सुमारे तेरा कोटी पूड, म्हणजे एकवीस लाख टनांनी, कमी होती. याची कारणे शोधण्यासाठी कुलकांच्या कटाचा आधार घेण्याची गरज नव्हती. सरकारने धान्याचे खरेदीदर कमी केले होते. पशुधन व नगदी पिके यांचे दर त्या मानाने अधिक होते आणि दुकानांत औद्योगिक मालाचा तुटवडा होता. मे १९२७मध्ये ब्रिटनने राजनैतिक संबंध तोडल्यामुळे युद्धाची अफवा पसरली होती आणि लोक साठा करू लागले होते. अशा परिस्थितीत शेतकऱ्याने धान्य राखून ठेवणे स्वाभाविकच होते. धान्याचे दर उतरविण्याच्या धोरणाची जबाबदारी बुखारिनसह संपूर्ण नेतृत्वावर येते, हेही मान्य करावे लागेल.

जानेवारी १९२८मध्ये स्टालिन स्वतः सायबेरियात गेला. दंडसंहितेच्या १०७व्या कलमाखाली साठेबाजीचे खटले भरून त्याने धान्य जप्त करविले. प्रारंभी हा अपवादात्मक उपाय असल्याचे सांगण्यात आले. प्रत्यक्षात तो नव्या धोरणाचा आरंभ होता. जुलै १९२८च्या बैठकीत स्टालिनने औद्योगिकीकरणासाठी शेतकऱ्यांकडून एक प्रकारची 'खंडणी' घेणे आवश्यक असल्याचे प्रतिपादन केले. ज्या प्रेओब्राझेन्स्कीच्या विचाराचा स्टालिन आणि बुखारिन यांनी मिळून पराभव केला होता, तोच विचार आता अधिक कठोर रूपात स्टालिनच्या तोंडून बाहेर पडत होता. बुखारिनने पुढे या धोरणाला शेतकऱ्यांचे लष्करी-सरंजामी शोषण असे संबोधले.

सरकारप्रमुख रिकोव्ह आणि कामगार संघटनांचा नेता टॉम्स्की हे दोघे बुखारिनच्या बाजूने होते. वरकरणी हे बळ कमी नव्हते. परंतु स्टालिन १९२२पासून पक्षाचा सरचिटणीस होता आणि नेमणुका त्याच्या हाती होत्या. मॉस्को शहराची पक्षसंघटना, कामगार संघटना, 'प्रावदा'चे कार्यालय आणि कॉमिन्टर्न या चारही ठिकाणी बुखारिनच्या माणसांच्या जागी नवी माणसे आणली गेली. ११ जुलै १९२८ रोजी बुखारिनने अगतिक होऊन कामेनेव्हची गुप्त भेट घेतली. ज्याला त्याने तीन वर्षांपूर्वी पराभूत केले होते त्याच्याच दारी तो गेला होता. स्टालिनची तुलना त्याने चेंगीझखानाशी केली आणि हा माणूस आपणा सर्वांचा नाश करील अशी भीती बोलून दाखविली. कामेनेव्हने या भेटीची टिपणे ठेवली. जानेवारी १९२९मध्ये ट्रॉट्स्कीच्या अनुयायांनी ती प्रसृत केली आणि गटबाजीचा पुरावा स्टालिनच्या हाती आयताच पडला.

या संपूर्ण काळात बुखारिनने जनतेसमोर कधीही थेट भूमिका मांडली नाही. ३० सप्टेंबर १९२८ रोजी 'प्रावदा'त प्रसिद्ध झालेल्या 'एका अर्थशास्त्रज्ञाची टिपणे' या लेखात त्याने अतिवेगवान औद्योगिकीकरणावर टीका केली. पण ती नाव न घेता, ट्रॉट्स्कीवाद्यांच्या आडून केलेली होती. उद्याच्या विटांनी आजचा कारखाना बांधता येत नाही, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. परंतु ज्या शेतकऱ्यांची बाजू तो मांडत होता त्यांना हा वाद ठाऊकच नव्हता. पक्षाची एकजूट मोडू नये या निष्ठेपोटी त्याने लढाई बंद दाराआड लढली आणि बंद दाराआडचे सर्व मतदार स्टालिनने नेमलेले होते. एप्रिल १९२९मध्ये त्याला 'प्रावदा' व कॉमिन्टर्नमधील पदांवरून दूर करण्याचा निर्णय झाला आणि १७ नोव्हेंबर १९२९ रोजी पॉलिटब्युरोतून त्याची हकालपट्टी झाली. काही दिवसांतच त्याने आपल्या चुकांची जाहीर कबुली दिली.

पराभवाचे परिणाम :

बुखारिनच्या पराभवाची किंमत सर्वप्रथम शेतकऱ्यांनी मोजली. १९२९च्या अखेरीपासून शेतीचे सक्तीने सामूहिकीकरण सुरू झाले. १९३०-३१ या दोन वर्षांत सुमारे अठरा लाख लोकांना कुलक ठरवून हद्दपार करण्यात आले. सक्तीला विरोध म्हणून शेतकऱ्यांनी आपली जनावरे कापली. १९२८ ते १९३३ या काळात देशातील गुराढोरांची संख्या जवळजवळ निम्म्याने घटली. १९३२-३३ साली युक्रेन, कझाकस्तान, व्होल्गाचे खोरे आणि उत्तर कॉकेशस या प्रदेशांत भीषण दुष्काळ पडला. त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली.

आंतरराष्ट्रीय क्षेत्रातही या पराभवाचे पडसाद उमटले. १९२८च्या कॉमिन्टर्नच्या सहाव्या अधिवेशनानंतर समाजवादी लोकशाहीवादी पक्षांनाच प्रमुख शत्रू मानणारे धोरण दृढ झाले. जर्मनीत हिटलरविरुद्ध कामगार पक्षांची एकजूट होण्यात त्यामुळे अडथळा आला. भारतातील कम्युनिस्टही या धोरणामुळे १९३०च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीपासून दूर राहिले. मानवेंद्रनाथ रॉय यांना १९२९ साली कॉमिन्टर्नमधून काढण्यात आले. ब्रँडलर यांच्या विरोधी गटाच्या नियतकालिकांत लेखन केल्याचा ठपका त्यांच्यावर होता, आणि हा गट 'उजव्या' विरोधकांत गणला जात होता. रॉय यांना बुखारिनचे अनुयायी म्हणता येणार नाही, परंतु त्यांच्यावरील कारवाई याच लाटेतील होती. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या विचारवंतांमुळे महाराष्ट्रात रॉयवादाचा जो प्रवाह निर्माण झाला, त्याची एक दूरची पार्श्वभूमी म्हणूनही मॉस्कोतील या संघर्षाकडे पाहता येते.

अखेरची वर्षे आणि खटला :

पराभवानंतर बुखारिन काही काळ वैज्ञानिक संशोधनाच्या प्रशासनात रमला. १९३१ साली लंडन येथे भरलेल्या विज्ञानाच्या इतिहासाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याने सोव्हिएत शिष्टमंडळाचे नेतृत्व केले. तेथे वाचलेल्या निबंधांचा जे. डी. बर्नाल यांच्यासारख्या ब्रिटिश शास्त्रज्ञांवर खोल प्रभाव पडला. १९३४ साली तो 'इझ्वेस्तिया'चा संपादक झाला. त्याच वर्षी लेखकांच्या पहिल्या अधिवेशनात काव्यावर भाषण करताना त्याने पास्तरनाकचा गौरव केला. १९३६च्या संविधानाच्या मसुदा समितीतही त्याचा समावेश होता.

१ डिसेंबर १९३४ रोजी लेनिनग्राडमधील नेता किरोव्ह याचा खून झाला आणि दडपशाहीचे नवे पर्व सुरू झाले. ऑगस्ट १९३६मध्ये झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह यांच्यावर खटला चालला. त्यात बुखारिनचेही नाव घेतले गेले. टॉम्स्कीने आत्महत्या केली. २७ फेब्रुवारी १९३७ रोजी मध्यवर्ती समितीच्या बैठकीच्या काळातच बुखारिनला अटक झाली. तत्पूर्वी त्याने पक्षनेत्यांच्या भावी पिढीला उद्देशून एक पत्र लिहिले आणि ते पत्नी ॲना लारिना हिच्याकडून शब्दशः पाठ करून घेतले. कागद ठेवणे धोक्याचे होते.

तुरुंगात तीन महिने त्याने आरोप नाकारले. त्यानंतर तो नमला. पत्नी आणि तान्हा मुलगा बाहेर होते, हे विसरता येत नाही. या तुरुंगवासातच त्याने चार हस्तलिखिते लिहिली. त्यांत संस्कृतीविषयक व तत्त्वज्ञानविषयक ग्रंथ, कविता आणि आपल्या बालपणावरील अपूर्ण कादंबरी यांचा समावेश आहे. १० डिसेंबर १९३७ रोजी स्टालिनला लिहिलेल्या पत्रात त्याने आपण निर्दोष असल्याचे सांगितले आणि मृत्यू अटळ असेल तर गोळीऐवजी विष द्यावे अशी विनंती केली.

२ ते १३ मार्च १९३८ या काळात मॉस्को येथे एकवीस आरोपींवर खटला चालला. व्हिशिन्स्की हा सरकारी वकील होता. आरोपींत रिकोव्ह, क्रेस्तिन्स्की, राकोव्स्की यांच्या बरोबरीने गुप्त पोलिसांचा माजी प्रमुख यागोदा हाही होता. क्रेस्तिन्स्कीने पहिल्या दिवशी कबुलीजबाब नाकारला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मान्य केला. बुखारिनने वेगळा मार्ग स्वीकारला. कटाची सर्वसाधारण राजकीय जबाबदारी त्याने मान्य केली. परंतु हेरगिरी आणि १९१८ साली लेनिनला ठार मारण्याचा बेत हे विशिष्ट आरोप त्याने ठामपणे नाकारले. आरोपीच्या कबुलीवर न्याय उभारणे हे मध्ययुगीन न्यायशास्त्राचे तत्त्व आहे, असे तो आपल्या अखेरच्या निवेदनात बोलून गेला. ज्या खटल्यात कबुलीखेरीज दुसरा पुरावाच नव्हता, तेथे हे एक विधान संपूर्ण खटला कोसळविणारे होते. अठरा आरोपींना देहदंड झाला आणि १५ मार्च १९३८ रोजी बुखारिनला गोळ्या घालण्यात आल्या.

तो एकटा नव्हता. १९३७-३८ या दोन वर्षांत सुमारे ६ लाख ८० हजार लोकांना देहदंड देण्यात आला. १९३४ साली निवडलेल्या मध्यवर्ती समितीच्या १३९ सभासदांपैकी ९८ जणांना अटक करून गोळ्या घालण्यात आल्या, असे ख्रुश्चेव्हने १९५६ साली सांगितले.

पुनर्वसन आणि मूल्यमापन :

ॲना लारिनाने सुमारे वीस वर्षे छावण्यांत व हद्दपारीत काढली. पतीचे पत्र ती मनाशी घोकत राहिली. मुलगा दुसऱ्याच नावाने वाढला आणि आपला पिता कोण हे त्याला १९५६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, समजले. ख्रुश्चेव्हच्या काळात अनेकांचे पुनर्वसन झाले तरी बुखारिनचे झाले नाही. त्याला निर्दोष ठरविणे म्हणजे सामूहिकीकरणाच्या मार्गावरच प्रश्नचिन्ह लावणे होते. गोर्बाचेव्हच्या कारकिर्दीत, ४ फेब्रुवारी १९८८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. त्याच वर्षी पक्षाचे सभासदत्वही त्याला मरणोत्तर परत देण्यात आले. तुरुंगातील हस्तलिखिते १९९०च्या दशकात अभिलेखागारातून बाहेर आली.

बुखारिनचा पर्याय व्यवहार्य होता काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. स्टीफन कोहेन यांनी १९७३ साली लिहिलेल्या चरित्रात तो स्टालिनशाहीला खराखुरा पर्याय होता असे प्रतिपादन केले. ॲलेक नोव्ह यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी 'नेप'च्या मर्यादांकडे लक्ष वेधले. सोव्हिएत संशोधक बार्सोव्ह यांच्या आकडेवारीवरून पहिल्या पंचवार्षिक योजनेत शेतीकडून उद्योगाकडे वाढीव निव्वळ अधिशेष वळलाच नाही, असा निष्कर्ष पुढे आला. रॉबर्ट ॲलन यांनी २००३ साली केलेल्या मांडणीनुसार सामूहिकीकरण टाळूनही औद्योगिक वाढीचा फार मोठा भाग साधता आला असता. म्हणजे ज्या लाभासाठी एवढी जीवितहानी झाली तो लाभच संशयास्पद ठरतो. याउलट, शत्रुराष्ट्रांनी वेढलेल्या देशाला बुखारिनची संथ गती परवडली असती काय, हा आक्षेपही सर्वस्वी निराधार नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, बुखारिन आणि स्टालिन यांच्यातील वाद केवळ सत्तेचा नव्हता. विकासाची किंमत कोणी मोजावी, या प्रश्नाविषयीचा तो वाद होता. शेतकऱ्याला विकासाचा भागीदार मानणे आणि त्याला विकासाचे इंधन मानणे यांतील तो फरक होता. दुसरा, आर्थिक मोकळीक आणि राजकीय एकाधिकार यांचा मेळ फार काळ टिकत नाही, हे बुखारिनला उशिरा कळले. शेतकऱ्याला बाजारात निवडीचा अधिकार असावा असे म्हणणाऱ्या या नेत्याने नागरिकाला मतपेटीत आणि सभासदाला पक्षात तो अधिकार असावा असे कधी ठामपणे म्हटले नाही. म्हणूनच संकटकाळी त्याच्या मागे उभे राहण्यास कोणी उरले नाही. तिसरा, विरोधकांसाठी केलेला नियम आपल्यालाही लागू होतो. १९२१ साली गटबंदीवर हात वर करणाऱ्यांपैकी अनेकांचा १९३८पूर्वी त्याच नियमाने घास घेतला.

बुखारिनची विद्वत्ता, त्याचा ऋजू स्वभाव आणि त्याचा शोचनीय अंत यांमुळे त्याच्याविषयी सहानुभूती वाटणे साहजिक आहे. परंतु इतिहासाचा अभ्यास सहानुभूतीपाशी थांबू शकत नाही. सत्य ठाऊक असलेल्या माणसाने ते योग्य वेळी आणि योग्य लोकांसमोर उघडपणे न बोलल्यास काय घडते, याचे उदाहरण म्हणून बुखारिनचे जीवन अभ्यासणे आजही अगत्याचे आहे.